मशीनला हिस्ट्री कार्ड, माणसाला काय?

साशंक : काका, रोज लिहिण्याच्या सवयीबद्दल मला आदर आहे, पण तिचा उपयोग मला अजून कुणी पटवून दिलेला नाही. मी चाकणला क्वालिटीत काम करते. लाइनवर पार्ट एकामागून एक येत राहतात, आणि आजचा पार्ट कालच्यासारखाच निघावा यासाठीच मला पगार मिळतो. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटेची कंपनीची बस, सेकंड असली की मध्यरात्री घर, थर्ड असली की दिवसा झोप. ‘आज वेगळे काही घडले नाही’ हेच ज्या दिवसाचे यश, त्याच्याबद्दल रात्री वहीत लिहायचे तरी काय? आणि लिहिलेच, तर वाचणार कोण? पुढाऱ्यांनी, लेखकांनी, संशोधकांनी रोजनिशी ठेवावी, कारण त्यांच्या दिवसांत लोकांना रस असतो. आपल्यासारख्यांनी रोज स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे स्वतःला उगाच महत्त्व देणे, असे मला वाटते.

लिहिता : तुझ्या कंपनीत प्रत्येक मशीनचे हिस्ट्री कार्ड असते. मशीन कधी बसवले, बेअरिंग कधी बदलले, स्पिंडल कधी उघडला, कोणत्या शिफ्टला बंद पडले, किती वेळ बंद राहिले, सगळे तारखेनिशी. हे मशीन रोज एकच काम करते, मग त्याची नोंद कशाला, असे कुणी विचारत नाही. मी टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवली. तिथल्या मशीनचा इतिहास लिहिलेला होता. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची नोंद मात्र हजेरीपुरती आणि पगारपत्रकापुरती. निवृत्त झाला की शाल, नारळ, एक फोटो आणि फाइल बंद. नव्या वर्षाला सप्लायर डायऱ्या वाटायचे. त्यातली एक मी घरी आणली आणि चार ओळी लिहू लागलो. मोठेपणाचा विचारही मनात नव्हता. ज्या माणसाच्या हातून काम झाले, त्याचाही एक कागद असावा, एवढेच वाटले.

आणि वेगळे काही घडत नाही, हे तरी कुठे खरे आहे? 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1982 मध्ये इथे महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे गेली. 1999 मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि 2007 मध्ये आकुर्डीतले त्यांचे उत्पादन थांबले. हे सगळे कागदोपत्री सापडते. पण भोसरीचा गावकरी आपल्याच गावात पहिल्यांदा परका कधी झाला? बाहेरगावाहून आलेल्या फिटरने ‘गावी जातो’ म्हणणे सोडून ‘घरी जातो’ कधी म्हणायला सुरुवात केली? हे बदल एका दिवसात होत नाहीत, म्हणून कुठल्याच दिवशी दिसत नाहीत. कुणीतरी रोज लिहीत असेल, तरच ते मागे वळून पाहताना सापडतात.

साशंक : हिस्ट्री कार्डाचा दाखला चांगला आहे, पण तोच तुमच्या विरुद्ध जातो. कार्ड लिहिले जाते ते उद्याच्या मेंटेनन्सवाल्यासाठी. कोणते बेअरिंग गेले होते हे त्याला कळले नाही, तर लाइन थांबेल. तुमची वही वाचून कोण काय दुरुस्त करणार? शिवाय कार्डावर ऑपरेटर लिहितो, सुपरवायझर सही करतो, ऑडिटर तपासतो. वहीला तपासणी नाही. लिहिणारा तोच, साक्षीदार तोच आणि निवाडा देणाराही तोच. माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा स्वतःला सांभाळून घेतो. भांडणात आपण एवढेच बोललो आणि समोरचा तेवढे बोलला, असे प्रत्येकाच्या वहीत असणार.

आणि मोठे लेखन रोज लिहिण्यातून येते, हेही मला मान्य नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी जवळून पाहिला. पण ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला 1883 मध्ये, पाव शतक उलटल्यावर. एवढ्या वर्षांत जे विसरायचे ते विसरले, जे उरले ते पुस्तकात आले. त्यांनी रोज रात्री चार ओळी लिहिल्या असत्या, तर आपल्या हाती दक्षिणेचा हिशोब आणि मुक्कामांची यादी आली असती. विसरणे हीसुद्धा एक चाळणी आहे. तुम्ही रोज लिहून ती चाळणीच काढून टाकता.

लिहिता : गोडसे भटजींचे उदाहरण मी आनंदाने घेतो, कारण त्यांच्या वहीचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. चिंतामण वैद्यांनी ती 1907 मध्ये छापली ती फेरफार करून. सरकारची भीती होती, काळाचा संकोच होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर वाचकांपुढे आला तो दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आवृत्ती काढली तेव्हा. हे शक्य झाले, कारण मूळ कागद शिल्लक होता. विसरण्याची चाळणी चांगली खरी, पण ती कुणाच्या हातात आहे यावर पुष्कळ ठरते. आठवणीतून लिहिणाऱ्याला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो आणि शेवट ठाऊक झाला की सुरुवातही त्याला साजेशी आठवते. करार चांगला झाला की सगळेच म्हणतात, ‘मला आधीच वाटले होते.’ कंपनी बंद पडली तरी तेच म्हणतात. त्या दिवसाची तारीख घालून लिहिलेल्या ओळीला पुढचे काही ठाऊक नसते. तिचा खरेपणा तिथे आहे.

वहीला ऑडिटर नाही हे खरे. पण रोज लिहिणाऱ्याला स्वतःच्याच जुन्या पानांचा धाक असतो. एखाद्या माणसाबद्दल आपण वर्षभर कसे लिहीत आलो, हे ओळीने वाचले की आपला पक्षपात कुणी दाखवून द्यावा लागत नाही. एकदाच, प्रसंग पडल्यावर लिहिणाऱ्याला ही सोय नाही. कार्डावर सुद्धा रीडिंग मशीन धड असतानाच घेतात. बंद पडल्यावरच नोंद घेतली, तर बिघाड कधीपासून सुरू झाला ते कसे कळेल? आयुष्याचेही तसेच. फक्त लग्ने, अपघात आणि बढत्या यांच्याच नोंदी ठेवल्या, तर मधली सगळी वर्षे कोरी दिसतात. आपण जगतो ते मात्र त्या मधल्या वर्षांत.

साशंक : मग आपल्याच पट्ट्यातले उदाहरण घेऊ. चाकणचे संताजी जगनाडे. घाण्यावर तेल काढणारा माणूस. त्यांची समाधी इथून जवळ, सुदुंबऱ्याला आहे. त्यांनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले आणि त्या वह्या टिकल्या. वि. ल. भाव्यांनी 1919-20 च्या सुमारास त्यांच्या आधाराने गाथा छापली. या भागातला सगळ्यात मोठा नोंद ठेवणारा कोण, असे विचारले तर मी संताजींचे नाव घेईन. पण त्यांनी त्या वह्यांत लिहिले काय? दुसऱ्याचे शब्द. घाणा किती फिरला, बैल कधी आजारी पडला, तेलाला भाव काय मिळाला, यातले काही आपल्यापुढे नाही. त्यांनी स्वतःला बाजूला ठेवले, म्हणून त्यांचे नाव राहिले. तुमच्या सवयीत माणूस स्वतःलाच मध्यभागी बसवतो. मला संताजींची वाट जास्त पटते. ऐकण्यासारखे कुणी बोलत असेल तर लिहून घ्यावे, नाहीतर घाणा चालवावा.

लिहिता : संताजींपुढे मी हात जोडतो. पण एक सांग, त्यांच्या घाण्याबद्दलचे एक पान आज सापडले असते, तर ते तू टाकून दिले असतेस का? सतराव्या शतकातल्या चाकणच्या तेल्याच्या हातचा हिशोब, त्याची दगदग, देहूला जायला वेळ कसा काढला त्याची ओळ. अभंगांना त्यामुळे बाध आला नसता. उलट कष्ट करणाऱ्या हातांनी हे काम कोणत्या ओढीने केले, ते कळले असते. त्यांना स्वतःचे लिहावेसे वाटले नाही, ही त्यांची निष्ठा. पण कष्टकऱ्याने स्वतःचे लिहूच नये, असा धडा त्यातून काढता येत नाही.

मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, अण्णा भाऊ साठे मिळाले. सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला तो 1962 मध्ये, ज्या वर्षी आपली एमआयडीसी जन्मली. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास 2004 मध्ये पुस्तकात आणला. मोलाचे काम. पण ती माणसे बोलली ती बहुतेक सगळे संपल्यावर. आपल्याकडे 1989 च्या सप्टेंबरमध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. व्यवस्थापनाची बाजू, पुढाऱ्याचे नाव, पोलिसांची कारवाई, हे सगळे वाचायला मिळते. मला मात्र त्या आठवड्यातली एखाद्या कामगाराच्या घरातली वही वाचायची आहे. किराणा उधार कुणी दिला? उपोषणाला न गेलेला शेजारी जिन्यात भेटला तेव्हा दोघे काय बोलले? तो प्रसंग खऱ्या अर्थाने समजायचा असेल, तर दोन्ही घरांतल्या वह्या हव्यात.

साशंक : इथे माझी खरी अडचण सुरू होते. तो शेजारी जिन्यात जे बोलला, ते तुमच्या वहीत जायला त्याची परवानगी होती का? रोज लिहिणारा एकटा कुठे जगतो? त्याच्या पानापानावर दुसऱ्यांची माणसे, दुसऱ्यांची दुखणी असतात. वही कपाटात असेपर्यंत ठीक. आता लिहिले की चार जणांना दाखवायची ओढ लागते, आणि हातातल्या मोबाइलमुळे चारांचे चारशे व्हायला वेळ लागत नाही. मग लिहिणाऱ्याच्या मनात वाचणारे येऊन बसतात. मुलीचा वाढदिवस चाललेला असतो आणि बाप मनात वाक्य जुळवत असतो. दिवस जगून झाल्यावर लिहायचा असतो. हळूहळू तो लिहिण्यासाठीच जगला जातो.

आणि आमच्याकडच्या पोरांचे काय? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेली, कॉट बेसिसवर एका खोलीत सहा-सहा जण राहणारी, ठेकेदाराकडे नाव असलेली. गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, नाहीतर फोनच जमा करून घेतात. काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. अशा मुलाने शॉप फ्लोअरबद्दल एक खरे वाक्य चारचौघांत लिहिले, तर पुढच्या महिन्यात त्याला परत बोलावतील का? चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी 1897 साली तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर पोलिसांच्या कागदांत जाऊन बसले. माणूस कुणासाठी लिहितो आणि आधी ते कुणाच्या हाती पडते, यात फार अंतर असू शकते. लिहिण्याचा सल्ला देणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र ज्याची नोकरी कच्ची आहे त्याला द्यावी लागते.

लिहिता : हा मुद्दा मी हलका करणार नाही. लिहिणे आणि दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मी स्पष्ट म्हणेन. लिहिण्याचा अधिकार मला माझ्या जगण्यातून मिळतो. दाखवण्याचा अधिकार त्या पानावरच्या प्रत्येक माणसाबरोबर वाटून घ्यावा लागतो. ठेकेदारीतल्या मुलाने तर आधी स्वतःला सांभाळावे. पण त्याने तारीख घालून ठेवावे, हा माझा आग्रह राहील. किती तास काम केले, ओव्हरटाइम किती झाला, हातात किती पडले, बोटाला लागले तेव्हा कोण धावून आले. ही वही उद्या पुरावा म्हणून किती चालेल ते वकील सांगतील. पण त्याच्याकडे तीही नसेल, तर बोलणारा कागद फक्त समोरच्याचा राहील.

तुकोबांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी परंपरेने सांगितल्या जातात. मी त्यांचा पुष्कळ विचार केला आहे. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडली, भावाचा वाटा त्याला देऊन फक्त आपल्या वाट्याची. आणि अभंगांच्या वह्या त्यांना दुसऱ्यांच्या दडपणाखाली बुडवाव्या लागल्या, त्यासाठी ते नदीकाठी धरणे धरून बसले. दोन्ही कागदच, दोन्ही इंद्रायणीतच. एक त्यांना नको होता, दुसऱ्यासाठी ते प्राण पणाला लावून बसले. लोक आपले काय देणे लागतात, याचा कागद त्यांनी सोडला. आपण काय पाहिले आणि काय भोगले, याचा सोडवला नाही. रोज लिहिणाऱ्यासाठी याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. वहीत खते किती आहेत आणि अनुभव किती, हे त्याने अधूनमधून तपासावे. कोण कसे वागले, कुणी आपल्याला मान दिला नाही, कुणी बढती अडवली, यानेच पाने भरू लागली तर ती खते आहेत. ती खुशाल बुडवावीत.

साशंक : कसोटी चांगली आहे, पण ती तुम्ही समजता तितकी सोपी नाही. ठेकेदारीतल्या मुलाने ओव्हरटाइमचे तास लिहिले, ते काय आहे? लोक आपले काय देणे लागतात याचाच तो कागद आहे. तो त्याने इंद्रायणीत सोडावा, असे तुम्ही सांगाल का? खत सोडून देण्याचे मोठेपण सावकाराला शोभते. ज्याचे येणे बाकी आहे आणि ज्याच्या हातात दुसरे काही नाही, त्याला ते सांगणे अन्याय होईल. म्हणजे तक्रार वगळा, अनुभव ठेवा, हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. कुणाची तक्रार हाच त्याचा अनुभव असतो.

आणखी एक. तुकोबांची गोष्ट आली की मला त्यांची पत्नी जिजाबाई आठवतात. घर त्यांनी चालवले, भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन त्या गेल्या, असे सांगतात. त्यांची वही कुठे आहे? त्या कशा होत्या हे आपल्याला इतरांच्या तोंडून कळते, आणि इतरांनी त्यांना कजाग करून ठेवले. तुम्ही रात्री जेवून वही उघडत होतात, तेव्हा काकू ओटा आवरून पहाटेच्या डब्याची तयारी करत असणार. माझीही दुसरी शिफ्ट घरी गेल्यावर सुरू होते. रोज लिहिण्याची सवय मनाच्या निश्चयाने लागते असे पुरुष म्हणतात. ती लागते मोकळ्या अर्ध्या तासाने, आणि तो अर्धा तास दुसरे कुणीतरी आपल्या वेळातून काढून देते.

लिहिता : पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. येणे बाकी असलेल्याची तक्रार आणि मानापमानाची तक्रार या वेगळ्या आहेत, एवढे मी म्हणू शकतो. पण त्या दोहोंतली रेघ प्रत्येकाला आपल्या बाजूने ओढावीशी वाटणार, हे तू बरोबर पकडलेस.

दुसरा मुद्दा मात्र माझ्या बाजूचा आहे. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी आपले आयुष्य अभंगांत स्वतः सांगितले. घरातला मार, गुरूची ओढ, नवऱ्याचा विरोध हे सगळे त्यात आहे. म्हणून बहिणाबाई आपल्याला त्यांच्या शब्दांत भेटतात आणि जिजाबाई दुसऱ्यांच्या. रमाबाई रानड्यांनी 1910 मध्ये आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्या नसत्या, तर न्यायमूर्ती रानड्यांच्या आणि रेव्हरंड टिळकांच्या घरातले स्वयंपाकघर आपल्याला दिसलेच नसते. अर्ध्या तासाची अडचण खरी आहे. तिचे उत्तर लिहिणाऱ्यांनी वह्या मिटण्यात नाही. घरातला तो अर्धा तास वाटून घेण्यात आहे. एक दिवस तू लिही, त्या दिवशी दुसऱ्याने डबा भरावा.

साशंक : हे मी मान्य करते, आणि माझा आक्षेप आता कुठे उरतो ते सांगते. रोज नोंद ठेवण्याला माझा विरोध राहिलेला नाही. तारीख घातलेल्या ओळीला पुढचे ठाऊक नसते, ही गोष्ट मला पटली. माझ्या कामाशी ती जुळते, कारण मोजमाप झाल्यावर आकडा बदलायचा नसतो. पण ‘रोज’ या आग्रहाबद्दल मी साशंकच राहीन. सवय घट्ट झाली की माणूस पाहणे सोडून भरणे सुरू करतो. आमच्याकडे चेकशीट असतात. त्या तपासणी करून भरल्या जातात, तशा शिफ्ट संपताना एका दमात टिका मारूनही भरल्या जातात. दिसायला दोन्ही पाने सारखीच. तुमच्या वहीतले कोणते पान पाहून लिहिले आणि कोणते सवयीने, हे तुम्ही तरी सांगू शकाल का?

लिहिता : प्रत्येक पानाबद्दल नाही सांगू शकणार. पण रोज वही उघडली नसती, तर पाहून लिहिलेली पानेही झाली नसती. कोणता दिवस पाहण्यासारखा निघेल, हे सकाळी कुठे कळते? तू त्या कोऱ्या टिकांना घाबरतेस, मी न लिहिलेल्या वर्षांना. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि लिहिणाऱ्याने दोन्ही बाळगाव्यात.

साशंक : मग शेवटचा प्रश्न आपल्या दोघांच्याही पलीकडचा आहे. कॉट बेसिसवरचा मुलगा खोली बदलतो तेव्हा पिशवीत आधी कपडे भरतो, वही मागे राहते. निवृत्त माणूस गेला की त्याच्या डायऱ्या रद्दीत जातात. मशीनचे हिस्ट्री कार्ड फाइलला लावायला एक माणूस नेमलेला असतो. कामगाराची वही कोण ठेवून घेणार? लिहा, असे तुम्ही लोकांना सांगता. ठेवा, असे सांगायची जबाबदारी कुणाची?

लिहिता : आधी घराची, मग गावाची. गावागावांत वाचनालये आहेत, कामगार संघटनांची कार्यालये आहेत, इथे महाविद्यालयांचे मराठी आणि इतिहासाचे विभाग आहेत. त्यांनी एक कपाट यासाठी द्यावे. ज्याने वही दिली त्याने किती वर्षे ती उघडायची नाही हे ठरवावे आणि ते पाळले जावे. दाखवायचे की नाही, यावरचा आपला वाद त्याने संपणार नाही, पण वाद घालायला कागद तरी उरेल. म्हणून भोसरी, आकुर्डी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण इथे राबणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे : आज रात्री तारीख घालून चार ओळी लिहा. दुसऱ्याचे नाव चारचौघांत नेण्याआधी त्याला विचारा. आणि घरात कुणाची जुनी डायरी असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा.